सोपे विषय

"अगं, तू केअरमध्ये काम करतेस ना? मग आजींना जरा बाथरूमला ने बरं."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या. हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण बसलो होतो. सगळे सिडनीत शिकायला आलेले. सगळ्यांना डिग्रीनंतर मेडिकलला जायचं होतं. डॉक्टर काका सोफ्यावर बसून सांगत होते, अर्ज करण्याआधी ग्रेड कशी वाढवायची, शेवटच्या वर्षाला कुठले विषय घ्यायचे. तेवढ्यासाठी मी केअर होममधली, म्हणजे वृद्धाश्रमातली, रविवारची शिफ्ट सोडून आले होते.

काकू माझ्याकडेच बघत होत्या. मी उठले. बाकी कुणी मान वर केली नाही.

काकूंच्या सासूबाई अंगाने जड. गुडघे गेलेले. मी त्यांना नेलं, स्वच्छ केलं, कपडे नीट केले, खोलीत आणून बसवलं. त्यांचा राग नव्हता. म्हातारं माणूस. पण मी परत आले तोवर चहा फिरत होता. विषयांचं बोलणं संपलं होतं.

"काका, मला पण विचारायचं होतं," मी म्हणाले. "पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत नुसती पास झाले. आता कुठले विषय घेऊ?"

काकांनी आधी आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. जालना. मग त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

"हे बघ, इथे कोटा नसतो. इथे मेरिट लागतं. तू केअरचं काम छान करतेस. सेवा तुमच्या लोकांच्या रक्तातच असते. त्यातच पुढे जा."

कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही. नाकातल्या नाकात.

कोटा. हा शब्द मी अकरावीपासून अंगावर घेत आलेय. जालन्यात निकाल लागला की पाठीमागून आवाज यायचा, "हिला काय, कमीत पण मिळेल." माझे मार्क त्यांच्यापेक्षा जास्त असले तरी आवाज तोच. विमानात बसले तेव्हा वाटलं, सुटले. केअर होममधल्या गोऱ्या मॅनेजरला माझं आडनाव धड म्हणताही यायचं नाही. त्याच्यासाठी मी फक्त इंडियन. रंगावरून बोलणारे भेटले, नाही असं नाही. पण आडनावाचा अर्थ लावायला इथेही आपलीच माणसं लागली.

पहिल्या वर्षी ग्रेड का पडली, हे काकांनी विचारलंच नाही. पहाटे ब्लॅकटाउनच्या केअर होममध्ये शिफ्ट, तिथून थेट युनिव्हर्सिटी. लॅबमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा. डोकं कमी नव्हतं. झोप कमी होती.

परत येताना ट्रेनमध्ये सायली शेजारी बसली. सायली माझी फ्लॅटमेट, पुण्याची. हॅरिस पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो, एका कुकरात जेवायचो. तिनेच मला काकांकडे नेलं होतं.

"काका म्हणाले, फिजिऑलॉजी सोडा. मार्क खाते ती," सायली म्हणाली. "त्यापेक्षा बिगिनर्स हिंदी घ्या. घरबसल्या हाय डिस्टिंक्शन, सगळ्यात वरची ग्रेड."

"पण ज्यांना हिंदी येते, त्यांना तो विषय घेता येत नाही ना?"

"येत नाही म्हणायचं. कोण तपासतंय?"

 मग ती हळूच म्हणाली, "काकांचं मनावर नको घेऊस. जुनी माणसं आहेत."

"तू का नाही बोललीस?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "यार, मला त्यांच्याकडून रेफरन्स लेटर घ्यायचंय."

विषय निवडायची मुदत जवळ आली. मी लॅपटॉप उघडून बसले. बिगिनर्स हिंदीत जागा होती. एक क्लिक. मला ती ग्रेड हवी होती, खोटं कशाला बोलू? मेडिकलला एकेका पॉइंटवर माणूस बाहेर पडतो. बोट माऊसवर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे.

सोपा विषय घेण्यात पाप नाही. ज्याला ज्यात गती, त्याने ते घ्यावं. मी पण तेच केलं. डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाचा, विषय घेतला, कारण तशी माणसं मी रोज सांभाळत होते. एक असा घेतला, ज्यात एका परीक्षेपेक्षा वर्षभराच्या असाइनमेंट्सना जास्त मार्क होते. पण येत असलेली भाषा येत नाही म्हणून सही करायची, हे मला जमेना. आणि फिजिऑलॉजी सोडली नाही. डॉक्टर व्हायचं आणि शरीर टाळायचं? ते पटेना.

पुढच्या बैठकीला काका इंटरव्ह्यूची तयारी करून घेणार होते. सायली म्हणाली, "तू नको येऊस, उगाच." मी गेले. मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसले.

काकांनी एकेकाला विषय विचारले. तिघांनी हिंदी सांगितलं. सायलीनेही. "स्मार्ट!" काका म्हणाले. माझी पाळी आली. मी सांगितलं.

"फिजिऑलॉजी? तुला? अगं, इथे ढकलून पास करणारं कुणी नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून काकू. "अगं, आजींना जरा..."

"नाही काकू."

आवाज माझाच होता. मलाच नवा वाटला.

"ते काम मी नोकरीत मान खाली न घालता करते. पण आज मी इथे शिकायला आलेय. आजी तुमच्या आहेत."

 मी काकांकडे वळले. 

"काका, हिंदी येत असून येत नाही म्हणायचं आणि मार्क घ्यायचे. ह्याला मेरिट म्हणतात का?"

"ॲटिट्यूड बघ हिचा," काका सगळ्यांकडे बघत म्हणाले. "कोट्यातली सवय."

जिन्यावर त्यांची मुलगी ईशा उभी होती. अकरावीतली, इथेच जन्मलेली. तिने विचारलं, "डॅड, व्हॉट्स अ कोटा?"

 उत्तर मीच दिलं, तिला समजेल अशा इंग्रजीत. सांगितलं, तुझ्या पणजोबांना शाळेत आत बसवत होते तेव्हा माझ्या पणजोबांना बाहेर बसवत होते. आत बसलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे घेतलं, त्याला कुणी कोटा म्हणालं नाही. बाहेरच्यांना थोडं आत घेतलं, तेव्हा तो शब्द शिवीसारखा वापरायला लागले.

"ईशा, गो अपस्टेअर्स," काका ओरडले.

ती गेली नाही.

मी बॅग उचलली आणि निघाले. सायली उठली नाही. स्टेशनपर्यंत एकटी चालले.  भीती नव्हती म्हणणार नाही. भीती होतीच.

संध्याकाळी काकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझं नाव काढलेलं दिसलं. सायली महिन्याभरात दुसऱ्या फ्लॅटमध्ये गेली. जाताना म्हणाली, "तू सगळं अवघड करून ठेवतेस."

फिजिऑलॉजीत डिस्टिंक्शन आलं. हाय नाही, नुसतं डिस्टिंक्शन. डिमेन्शियात वर्गात पहिली आले. ग्रेड वर गेली. तरी पहिल्या अर्जाला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं नाही. सायलीला आलं. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग उठले.

ह्या वर्षी पुन्हा अर्ज करतेय. लागलं तर पुढच्या वर्षीही करीन. विद्यापीठ मला नाही म्हणू शकतं. ते मी सोसेन, पुन्हा अभ्यासाला बसेन. पण माझी लायकी ठरवायचा हक्क मी कुणाच्या हॉलला, कुणाच्या सोफ्याला दिलेला नाही. तसा तो कुणी ह्यापुढे घ्यायला लागला, तर तो कितीही मोठा डॉक्टर असो, त्याला तोंडावर थांबवणार. तिथल्या तिथे. सगळ्यांसमोर.