सतरा मिनिटं आधी वाजणारे स्पीकर

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून. घाटात हात दाखवणारी बाई, मागच्या सीटवर येऊन बसलेलं कोणीतरी... मी इंजिनिअर आहे. आवाज म्हणजे हवेची थरथर, यापलीकडे आवाजाबद्दल माझी काही श्रद्धा नव्हती. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. शाळा इंग्लिश मीडियमची, म्हणून दुसरी लाज शुद्धलेखनाची. सांभाळून घ्या.

आम्ही नाशिक रोडला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आई, पप्पा आणि मी. पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये मेंटेनन्सला होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी घरूनच एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. दिवसभर कॉलवर असायचे, पण बोलायचे नाही. चॅटमध्ये टाइप करायचे. टीममधल्या अर्ध्या लोकांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

घरातही फार वेगळं नाही. आमच्याकडे पप्पांना काही सांगायचं असेल तर ते आईमार्फत जातं. शाळेची सहल, स्कूटी, कॉलेजचा फॉर्म — सगळं आईच्या तोंडून गेलं. उत्तरही तिच्याच तोंडून परत येतं, आम्ही तिघंही एकाच खोलीत बसलेलो असताना. "म्हणतायत, बघू." मी ते ऐकलेलं असतं. पण आई सांगेपर्यंत ते मला पोचलं असं कोणी धरत नाही.

पप्पा आणि मी एकत्र काही करतो ते फक्त गॅलरीत. तिथे त्यांनी मला कामासाठी एक टेबल ठोकून दिलंय. त्यावर मी छोटे डेस्कटॉप स्पीकर बनवते. हा माझा छंद. तीन इंची स्पीकर, हाताच्या तळव्याएवढा अॅम्प्लिफायर बोर्ड, प्लायवूडची खोकी. मी सोल्डरिंग करते, पप्पा पॉलिश पेपरने कडा घासतात. दोन दोन तास एक शब्द नाही. ही जोडी आमची चौथी.

खोक्याच्या आत थोडा मऊ भराव घालावा लागतो, नाहीतर आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. त्यासाठी एक खास कृत्रिम कापूस मिळतो. तो संपला होता. मी आईला म्हटलं, एखादी जुनी उशी आहे का. आईने दिली. मी उसवली, कापूस पिंजला, दोन्ही खोक्यांत भरला आणि मागची फळी चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास स्पीकर हॉलमधल्या कपाटावर सुकत ठेवले होते. वॉर्निश ओलं होतं. अडॅप्टर जोडलेला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय. वायर गुंडाळून शेजारी ठेवलेली होती.

उजव्या स्पीकरमधून आमची बेल वाजली. चिमणीच्या आवाजाची बेल. मग खालच्या मजल्यावरच्या पगारे काकूंचा आवाज, "अहो, थोडं विरजण आहे का? आमच्या ह्यांनी सगळं दही संपवलं."

मी दार उघडलं. बाहेर कोणी नाही. आईला विचारलं, तिनेही ऐकलं होतं. आम्ही दोघींनी ठरवलं की जिन्यातून आवाज आला असेल. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात पगारे काकू, हातात वाटी. "अहो, थोडं विरजण आहे का? आमच्या ह्यांनी सगळं दही संपवलं."

आईने उरलंसुरलं विरजण दिलं. काकू गेल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "अजून थोडं आधी कळलं असतं तर मी दही संपवलं नसतं आपलं."

तुम्ही म्हणाल, रेडिओ पकडला असेल. ब्लूटूथ असेल. मीही तेच म्हटलं. मागे बाहेरून बसवलेला बोर्ड काढून ठेवला. मग उरलं काय, तर खोकं, कापूस आणि एक कागदी पडदा. तरीही दिवसातून दोन-तीनदा ते वाजायचं. कुकरच्या शिट्ट्या, फेरीवाल्याची आरोळी, पप्पांचं शिंकणं. आमच्या हॉलमध्ये जे ऐकू येणार, तेच थोडं आधी.

पप्पांनी वही काढली. त्यांचं आयुष्य मशीन का बंद पडली हे शोधण्यात गेलंय, त्यामुळे घाबरणं वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदीत फरक कधी बारा मिनिटांचा यायचा, कधी बावीस. मग लक्षात आलं की स्पीकरची वेळ ते हॉलच्या घड्याळात बघतात आणि प्रत्यक्षातली कधी स्वयंपाकघरातल्या. आमची सगळी घड्याळं पुढे असतात, पण प्रत्येक वेगवेगळं, कारण उशीर होऊ नये म्हणून आई आणि पप्पा एकमेकांना न सांगता ती पुढे करतात. मोबाइलच्या घड्याळावर मोजलं तेव्हा आकडा स्थिर झाला. सतरा मिनिटं.

आईने मात्र मोजमापात वेळ घालवला नाही. स्पीकरमधून बेल वाजली की ती चहा ठेवायची, हॉलमधले वाळत घातलेले कपडे उचलायची आणि गाऊनवर ओढणी घ्यायची. पाहुणे बसतात न बसतात तोच कप हातात. आठवड्याभरात सोसायटीत तिचं नाव झालं.

"म्हणतायत, ह्याचा दुसरा सेट होईल का स्वयंपाकघरासाठी," आईने मला पप्पांचं म्हणून सांगितलं. पप्पा असं काही म्हणाले नव्हते.

एकदा स्पीकरमधून पप्पांच्या जुन्या सहकाऱ्यांचा, गायधनी काकांचा आवाज आला. "आलो होतो इकडे, म्हटलं दोन मिनिटं बसून जाऊ." काका दोन तास बसतात आणि त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगतात. आम्ही तिघं चपला घालून, कुलूप लावून खाली पळालो. गेटवरच काका भेटले. "कुठे निघालात?" पप्पांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "कुठेच नाही." मग आम्ही चौघं काकांच्या गुडघ्याच्या गतीने वर आलो, काका सोफ्यावर बसले आणि तेच वाक्य बोलले. सतरा मिनिटं. पप्पांनी आत जाऊन वहीत लिहिलं.

तेव्हापासून मला भीती वाटायला लागली. भुताची नाही. माझ्यासारख्या माणसाने जे कोणालाच सांगितलेलं नाही, ते या खोक्याने हॉलमध्ये आधीच जाहीर केलं तर?

कारण माझ्याकडे तसं एक होतं. कोइंबतूरच्या एका छोट्या कंपनीने मला नोकरी देऊ केली होती. ते स्पीकरच बनवतात. मी त्यांना माझ्या आधीच्या जोड्यांचे फोटो आणि मोजणीचे आलेख पाठवले होते. सोमवारी सकाळपर्यंत होकार कळवायचा होता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी ऑफर लेटर रोज अंघोळीच्या आधी एकदा वाचायचे. पण आईला सांगितलं तर ती रडणार, आणि तिच्या रडण्यातून माझं वाक्य पप्पांपर्यंत पोचेल तेव्हा त्याचं काय झालेलं असेल, सांगता येत नाही. आणि पप्पांना सरळ सांगायचं, तर ती आमच्या घरातली पद्धतच नाही. म्हणून मी हॉलमध्ये बोलणंच बंद केलं. कंपनीचे फोन जिन्यात घेतले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

दरम्यान आईने सायखेड्याला आत्याला फोन लावला. आत्या पप्पांची मोठी बहीण. आईचं म्हणणं, उशी आत्याची होती, आमच्याकडे राहायला आली की ती घ्यायची ती, आत्याला कोण येणार हे नेहमी आधीच कळतं, तेव्हा गुण कापसाचा असणार. फोन स्पीकरवर होता.

"आक्का, तुमच्या उशीचा कापूस बोलतोय."

पलीकडून, "माझी उशी? खिडकीपाशी ठेवते ती?"

"हो, पण ऐका ना, तो पुढचं सांगतो."

"पुढचं राहू दे. मला इचारलं नाय आन् उशी फाडली? रविवारी येते मी. तवर दुसरी भरून ठेवा."

ती आली. दुपारी जेवली, नवी उशी दाबून बघितली, "लय कडक हाय" म्हणाली आणि चारच्या सुमारास स्पीकरसमोर खुर्ची घेऊन बसली. पप्पा वही घेऊन, आई भाजी निवडत, मी दाराच्या कडेला.

"बोल म्हणावं त्याला."

"सांगून बोलत नाही, आक्का," पप्पा म्हणाले.

"मंग पोरीवरच गेलाय की."

आणि तेव्हाच आवाज आला. मला आधी कळलंच नाही तो कोणाचा. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची मला सवय नाही.

"पप्पा, मला कोइंबतूरला नोकरी लागली आहे. स्पीकरच्या कंपनीत. मी जाणार आहे."

एकही शब्द गिळलेला नाही.

आता पप्पांचं उत्तर येईल म्हणून आम्ही चौघं त्या खोक्याकडे बघत बसलो. मीही. काहीच आलं नाही.

पप्पांनी मोबाइल बघितला आणि वहीत लिहिलं. "चार बावीस. म्हणजे चार एकोणचाळीस."

"कोइंबतूर कुठं आलं?" आत्याने विचारलं. "मालेगावच्या पुढं?"

"खाली, आक्का. मद्रासकडे," आई म्हणाली. तिचा आवाज भरला होता. हातातली मेथी तिने परातीत ठेवली आणि माझ्याकडे वळली. "मी सांगू का पप्पांना?"

पप्पा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"थांब," ते म्हणाले. "ती सांगेल."

आईने चहा केला. आम्ही तो प्यायलो. कोणी कोइंबतूरबद्दल बोललं नाही, कारण ते मी अजून सांगितलं नव्हतं. आत्या एकदा तोंड उघडून म्हणाली, "पर आता समद्यांनी ऐकलंच हाय, तर..." आणि पप्पांनी नुसता हात वर केला.

मला वाटलं, नाही बोलले तर? गॅलरीत जाऊन उभी राहिले तर? खोकं खोटं ठरेल, आणि सोमवारी मी नकार कळवेन, आणि पुढची जोडी बनवू. पप्पा कडा घासतील. विचार तसा वाईट नव्हता. मी खरंच उठले.

"मनू," पप्पा म्हणाले, "एक मिनिट राहिलंय."

ते ज्या आवाजात म्हणाले, तो गाडी सुटायच्या आधी प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज होता. मी पुन्हा बसले. मग मी बोलले. तिन्ही वाक्यं. पप्पांनी पेनाचं टोक वहीतल्या ओळीवरून सरकवत शब्द पडताळले आणि बरोबरची खूण केली.

मग त्यांनी वही मिटली. आई त्यांच्याकडे बघत होती, निरोप पोचवायच्या तयारीत. पप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"रिझर्वेशन आत्ताच बघावं लागेल," ते मला म्हणाले. "लोअर बर्थ लवकर जातात."

"म्हणतायत, जा," आई मला म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

"ऐकलं तिनं," आत्या म्हणाली.

मी कोइंबतूरला येऊन आता सात महिने झाले. त्या दिवसानंतर ते स्पीकर आपणहून एकदाही वाजले नाहीत. निघण्यापूर्वी पप्पांनी आणि मी दोन्ही खोकी उघडली. कापूस काढून बघितला, तारा तपासल्या, पडदे उलटेपालटे केले. काही सापडलं नाही. बोर्ड परत बसवला, आता त्यावर गाणी ऐकते. चांगले वाजतात, खालचा आवाज थोडा कमी पडतो. इथे आमच्या कंपनीत आवाजाविषयी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही मी हे विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मी ते बोलणार होते म्हणून वाजलं, की वाजलं म्हणून मला बोलावं लागलं, हे मला आजही सांगता येत नाही. गेल्या रविवारी पप्पांचा फोन होता. आता ते मलाच करतात. मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला काय वाटतं, ते नक्की काय होतं?"

त्यांनी विचार केला. "नाही सापडलं," ते म्हणाले.

मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.