अध्यक्षांचा चहा

नोकरीची तीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत काढली आणि तेवढ्या काळात एकच कला नीट शिकलो. कोणताही खर्च कोणत्याही हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या सदरात, बसवायची. खोट्या खर्चाला फार अक्कल लागत नाही. त्रास देतो तो खरा खर्च, कारण त्याच्यासाठी नेमका हेडच नसतो. मग त्याला थोडं वाकवावं लागतं, थोडं दामटून बसवावं लागतं. मी त्यात इतका तरबेज होतो, की साहेबांचं अडलं की मलाच हाक मारत. निवृत्त होऊन धाड गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा गावच्या वाचनालयानं मला कोषाध्यक्ष केलं. कलेला पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश झालो.

वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. सगळं गाव त्यांना सर म्हणे, मीही. संस्थेच्या पैशाच्या बाबतीत सर फार सोवळे. सभेला येताना पाण्याची बाटली घरून आणत, पेनसुद्धा स्वतःचा. "वीस वर्षांत मी संस्थेचा चहा घेतला नाही," हे ते वर्षातून निदान चारदा ऐकवत. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा. ते घेत नसल्यामुळे आम्हा बाकीच्यांनाही सभेत चहा मिळत नसे.

अशात वाचनालयात उंदीर झाले. त्यांनी आधी जुने दिवाळी अंक संपवले, त्यावर कोणी काही बोललं नाही. पण पोलीस भरतीची गाइडं कुरतडली तेव्हा अभ्यासिकेतल्या पोरांनी ओरड केली. म्हणून आम्ही एक पिवळी मांजर आणली. मांजर कामाला चोख निघाली. तिला रोज पाव लिटर दूध लागे. सरांची समजूत, की गल्लीतला दूधवाला ते फुकट घालतो. दूधवाला असा नव्हता.

सरकारी अनुदानाच्या नियमांत पुस्तकं होती, नियतकालिकं होती, वीज होती, सभा खर्च होता. मांजर नव्हती. ते दूध मी खिशातून भरू शकलो असतो, पण तीस वर्षांची सवय आडवी आली. मी व्हाउचर केलं, 'सभेसाठी दूध, अध्यक्षांचा चहा.' पाहुण्यांचा चहा लिहिला की लेखापरीक्षक विचारतात, पाहुणे कोण? अध्यक्षांच्या चहाला कोणी हात लावत नाही. आणि झालंही तसंच. दोन वर्षं त्या व्हाउचरांवर लेखापरीक्षकाच्या हिरव्या शाईची खूण पडत गेली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत गेलो.

तिसऱ्या वर्षी सरांनी नवीनच टूम काढली. नुसत्या बेरजा नकोत, वर्षाचा बारीकसारीक खर्च वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचा. लोकांचा पैसा आहे, लोकांना दिसला पाहिजे. मी मनात म्हटलं, भिंतीवरचं वाचतो कोण? तीन पानं टाइप करून आणली. दूध तिसऱ्या पानावर, अगदी खाली ठेवलं. सरांनी पहिलं पान वाचलं आणि मी समोर बसलेला पाहून उरलेल्या दोन पानांवर न वाचताच सह्या केल्या.

वाचनालयासमोर एक काकू चहाची टपरी चालवतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या हात पुसत रस्ता ओलांडून येत. पानं भिंतीवर लागली त्या दिवशीही आल्या आणि तिन्ही वाचून गेल्या. मग दारातूनच मला विचारलं,

"भाऊ, दूध हाये, मंग साखर कोठी हाये?"

"कसली साखर?"

"चहाची. पत्ती बी नाई लिहेल. सर काय नुसतं दूधच पेते?"

लेखापरीक्षकाला दोन वर्षांत जे दिसलं नाही, ते काकूंनी दोन मिनिटांत धरलं. काकूंच्या टपरीवर बसणाऱ्यांपर्यंत ते लगेच पोचलं. संध्याकाळी सर बसस्टँडकडून येत असताना कोणीतरी लांबूनच विचारलं, "सर, दूध गरम देऊ का?" चारपाच जण हसले. सरांना काही कळलं नाही. मग ते भिंतीपाशी गेले, चष्मा लावला आणि तिसरं पान वाचलं.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"टायपिंगची चूक असेल सर. बघतो."

तेव्हाच खरं बोलायचं होतं. पण माझ्यातला कारकून माझ्याआधी जागा झाला. त्याचं म्हणणं असं, की खर्चात खोट नाही, फक्त कागद अपुरा आहे. मी दुकानातून दोन किलो साखर आणि अर्धा किलो चहापत्ती आणली, रीतसर पावती घेतली आणि भिंतीवर शुद्धिपत्रक लावलं. साखर आणि पत्ती मी वाचनालयाच्या कपाटात ठेवली, कारण वस्तू जागेवर असली पाहिजे, हा नियम मी कधी मोडला नाही. आठ दिवसांत कपाटाला मुंग्या लागल्या. मांजर उंदीर धरत होती, मुंग्यांचं तिला काही करता येईना.

काकूंनी शुद्धिपत्रक वाचलं. "हाव, आता जमलं. आता पुरा चहा झाला."

सर मात्र वाचनालयात यायचे बंद झाले. मी एकदा घरी गेलो तर म्हणाले, "खुलासा करणारा माणूस चोरच वाटतो. वार्षिक सभेत बघू." त्यांच्या टेबलावर एक लिफाफा होता. राजीनामा होता, हे मला न उघडता कळलं. त्या रात्री माझी हुशारी आयुष्यात पहिल्यांदा मलाच किळसवाणी वाटली.

सभेला एरवी सात माणसं येत, त्या दिवशी खोली भरली. सर उभे राहिले, लिफाफा खिशातून काढला. मी मध्येच उठलो आणि एका दमात सांगून टाकलं. दूध मांजरीचं होतं, सरांनी थेंबभरही घेतलं नाही, साखर-पत्ती मी डाग झाकायला आणली आणि ती अजून कपाटात आहे, मुंग्यांसकट.

मागून काकूंचा आवाज आला, "मंग सिद्धं मांजर लिहायले काय झालं होतं, भाऊ?"

"लेखापरीक्षणात आक्षेप आला असता," मी म्हणालो.

"येऊ द्या ना," सर म्हणाले. शाळेत मोजूनमापून बोलणारा माणूस, त्या दिवशी घरच्या बोलीत आला. "आक्षेपाले भेता, अन् माह्या नावाले नाई भ्याले? वीस वर्ष जपलं होतं मी ते."

मी माफी मागितली, तीही धड मागता आली नाही. मग सर लिफाफा परत खिशात ठेवत काकूंना म्हणाले, "साखर हाये, पत्ती हाये. दूध तुमच्याकडून आणा. सगळ्यायले चहा करा."

काकूंनी मुंग्या झटकून साखर घेतली. सरांनी संस्थेचा पहिला चहा घेतला, सावकाश, बशीत ओतून. कप खाली ठेवला आणि दहाची नोट माझ्यापुढे सरकवली.

"पावती फाडा. काय लिहायचं ते ठाऊक आहे तुम्हाला."

मी लिहिलं, 'अध्यक्षांचा चहा, रुपये दहा.' ते शब्द मी दोन वर्षं लिहीत होतो, खरे पहिल्यांदाच लिहिले. सरांनी चष्मा लावून पावती वाचली. मग माझ्याकडे डिंकाची बाटली मागितली आणि सगळ्यांच्या देखत बाहेर जाऊन ती स्वतःच्या हातानं भिंतीवर चिकटवली.