आबासाहेबांच्या भाषणाने जगवलेलं यीस्ट

पाथर्डीकडच्या एका कॉलेजात जयमाला मॅडम सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. शिकवतात उत्तम, पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. समोरच्याने काहीही सांगितलं तरी त्या "बरं" म्हणायच्या. शिपाई गोरक्षमामा म्हणाले, "मॅडम, पंखा लावू नका, लई आवाज करतोय," तर भर उन्हाळ्यात "बरं मामा." लग्नात भटजी "सावधान" म्हणाले तेव्हाही त्या हळूच "बरं" म्हणाल्या, असं त्यांच्या मैत्रिणी सांगतात. ते खोटं असावं, पण पटतं.

या 'बरं'पायीच त्या नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि दर एप्रिलला घरी. त्या वर्षी मात्र संस्थेत एक कायम जागा निघाली होती. ती कुणाला द्यायची ते संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ठरवणार होते. मॅडमना ती जागा हवी होती, अगदी जीव टांगणीला लागेल इतकी हवी होती. पण मागायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यातच लॅबमध्ये अतिनील किरणांचा दिवा बसवलेली काचेची नवी पेटी आली. आपल्याकडे पेटी आली म्हणजे उद्घाटन आलं, उद्घाटन आलं म्हणजे आबासाहेब आले आणि आबासाहेब आले म्हणजे भाषण आलं. प्राचार्य पुंजाराम सरांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"मॅडम, या दिव्यानं साहेबांचं नाव उमटवता येईल का? साहेब खूश झाले पाहिजेत."

येत होतं. बेकरीत पाव फुगवतात ते यीस्ट प्लेटमधल्या खाद्यावर पसरायचं, वर पुठ्ठ्याची अक्षरं धरायची आणि दिवा लावायचा. पुठ्ठ्याच्या सावलीतलं यीस्ट जगतं, बाकीचं मरतं. दोन दिवसांनी सायीच्या रंगाची अक्षरं उगवून येतात. सरांना 'माननीय आबासाहेब, संस्थापक अध्यक्ष' एवढं सगळं हवं होतं. प्लेट पुरीएवढी असते हे दाखवल्यावर बरीच घासाघीस झाली आणि ते 'आबा'वर तयार झाले. मॅडमनी आधी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा 'आबा' इतका सुबक उगवला की गोरक्षमामांनी प्लेटला हात जोडले.

उद्घाटनाच्या दिवशी पुठ्ठ्याखालच्या प्लेटसकट पेटी सभागृहात आणून मांडली होती. आबासाहेबांनी बटण दाबलं, दिवा लागला, विझला, टाळ्या झाल्या. मॅडम पारदर्शक झाकण लावून प्लेट कपाटात ठेवायला निघाल्या, तेवढ्यात पुंजाराम सर म्हणाले, "तिकडं कुठं? साहेबांसमोर टेबलावर ठेवा. फोटोत आली पाहिजे."

मॅडमनी तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते "बरं सर."

आता यात बिघडलं काय, ते सांगायला हवं. अतिनील किरण पेशीतल्या डीएनएच्या धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात, ओले पापड चिकटतात तशी. मग पेशीला त्या धाग्याची नक्कल करता येत नाही आणि तिचा कारभार बसतो. पण यीस्ट चिवट. त्याच्या जनुकांनी दुरुस्तीला कारागीर तयार ठेवलेले असतात. त्यातली एक टोळी अंधारातही राबते. ती चिकटलेला तुकडाच कापून काढते आणि समोरच्या धाग्याकडे बघून तिथे नवा भरते. मार फार बसला की मात्र या टोळीचे हात पुरत नाहीत. दुसरा कारागीर एकांडा आहे. तो काहीही न कापता ती दोन अक्षरं अलगद सोडवतो. त्याला फक्त भरपूर उजेड लागतो. म्हणून दिव्याखालून काढलेली प्लेट लगेच अंधारात ठेवायची, असं मॅडम दर वर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत.

आणि इथे टेबलाच्या दोन्ही बाजूंना शूटिंगवाला तुषार दोन मोठे पांढरेशुभ्र दिवे लावून उभा होता. लग्नात नवरानवरीला घाम फोडणारे ते दिवे थेट प्लेटवर पडले होते. आबासाहेब बोलायला उठले.

मॅडमनी हळूच पुष्पगुच्छ प्लेटपुढे सरकवला. तुषार कुजबुजला, "मॅडम, गुच्छ काढा, साहेबांचं पोट झाकतंय." मग त्यांनी सत्काराची शाल प्लेटवर टाकली. आबासाहेबांना वाटलं, शाल द्यायची राहिली. त्यांनी ती उचलून बोलता बोलताच खांद्यावर घेतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुष्काळ झाला, कारखाना झाला, आबासाहेबांचं अनवाणी शाळेत जाणं झालं. "आता शेवटी एवढंच सांगतो," असं ते म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतले लोक चपला शोधू लागले. पण साहेबांनी पाणी मागवलं आणि पुन्हा सुरुवात केली. वाक्यावाक्याला प्लेटमध्ये पेशी उठून बसत होत्या आणि हे त्या अख्ख्या सभागृहात एकट्या जयमाला मॅडमना ठाऊक होतं. त्यांना रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही.

दोन दिवसांनी आबासाहेब चार माणसं घेऊन स्वतःचं नाव बघायला आले. झाकण उघडलं. प्लेट काठापासून काठापर्यंत सायीने भरलेली. त्यात ना 'आ', ना 'बा'.

"नाव कुठाय?" आबासाहेबांनी विचारलं.

पुंजाराम सर तयारच होते. "साहेब, यीस्टच खराब निघालं. या गोरक्षनं जुनं पाकीट आणलं. हो ना मॅडम?"

गोरक्षमामांचा चेहराच उतरला. एक 'बरं' म्हटलं की सगळं निभावणार होतं. जागाही कदाचित पदरात पडली असती. पण मामांचं ते तोंड बघून मॅडमना आपल्या त्या 'बरं'चा पहिल्यांदाच संताप आला.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "यीस्ट चांगलं होतं. मामांची काही चूक नाही. भाषण लांबलं."

लॅबमधला फ्रीजसुद्धा त्याच क्षणी घरघरायचा थांबला.

"काय म्हनलात?" आबासाहेब म्हणाले.

मॅडमनी पापडापासून सगळं सांगितलं. सुरुवातीला आवाज कापत होता, मग वर्गातला आवाज लागला. आबासाहेब भुवया चढवून ऐकत होते.

"म्हंजी मी बोलत हुतो अन् हिकडं मेलेलं उठत हुतं?"

"मेलेलं नाही, मरायला टेकलेलं. आणि ते भाषणानं नाही, तुषारच्या दिव्यांनी. भाषणामुळे दिवे चालू राहिले, एवढंच. पुन्हा करून दाखवते. एक प्लेट लगेच कपाटात ठेवू, दुसरी दिव्यांसमोर."

"अन् मी बोलतो."

"तुम्ही नाही बोललात तरी चालेल, आबासाहेब."

"न्हाई! परयोग जसा झाला तसाच झाला पायजे."

यावर विज्ञानाला काही बोलता येईना. दुसऱ्या दिवशी मॅडम, मामा, तुषार आणि एक प्लेट एवढ्यांसमोर आबासाहेब उभे राहिले. दुष्काळ झाला, कारखाना निम्मा झाला आणि साहेबांचा घसा बसला. टाळ्या नसल्या की माणूस लवकर दमतो.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अजून नाही. बोलत राहा."

हे वाक्य आबासाहेबांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ते मुकाट्याने अनवाणी शाळेत निघाले.

पुन्हा दोन दिवस गेले. कपाटातल्या प्लेटमध्ये 'आबा' ठसठशीत उगवला होता. दिव्यांसमोरची प्लेट काठोकाठ भरली होती. आबासाहेबांनी दोन्ही हातांत दोन प्लेटा धरून आळीपाळीने पाहिल्या. नावाची प्लेट त्यांनी पुंजाराम सरांच्या हातात दिली आणि भरलेली स्वतःकडे ठेवली.

"बाई, हितं किती वर्सं झाली तुमाला?"

"नऊ."

"मंग ती कायम जागा मला पायजे, असं कदी म्हनला न्हाईत?"

"नव्हते म्हणाले," जयमाला मॅडम म्हणाल्या. "आता म्हणते. ती जागा मला हवी आहे. मला हे काम येतं. दर जूनला नवीन आल्यासारखी दारात उभी राहून माझा जीव विटलाय."

पुंजाराम सर घाईघाईने खोकले. आबासाहेबांनी घसा खाकरला तेव्हा, आता लांबणार म्हणून, गोरक्षमामा खुर्ची आणायला वळले.

"दिली," आबासाहेब म्हणाले आणि प्लेटवर झाकण ठेवून गाडीत जाऊन बसले.