मागच्या दाराजवळचं बटण

वायरीवर गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीचा वास आला की मला मुरबाडजवळच्या खेड्यातलं आमचं घर आठवतं. ते नुकतंच विकत घेतलं होतं आणि तिथल्या वायरिंगनं मला भंडावून सोडलं होतं. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की ओटीवरचा पंखा फिरायचा, न्हाणीचा दिवा माजघरातून लागायचा. एका भर दुपारी मी बायकोला खोल्याखोल्यांतून पळवत, एकेक बटण दाबत, बोर्डावर खडूनं नावं लिहीत सुटलो. मागच्या दाराजवळचं एकच बटण उरलं. दहा वेळा खालीवर केलं, काहीच होईना. वैतागून ते बंद केलं आणि वर काळी पट्टी चिकटवली. चार-पाच दिवसांनी तिन्हीसांजेला परसामागून हंडा दगडांवर गडगडल्याचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळी. बॅटरी घेऊन धावलो. बांबूच्या बेटाआड, उतारावर गावाची विहीर होती. पायरीवर शेजारची म्हातारी गुडघा धरून बसली होती आणि तिच्या डोक्यावर, खांबाला, एक विझलेला बल्ब होता. "पयले मालक रोज लावायचे," हंडा उचलत तिची सून म्हणाली. "मग मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलोच. म्हातारी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घर तुमचा, लाईट तुमची. आमी कसा सांगायचा?" घरी येऊन ती पट्टी मी नखांनी ओरबाडून काढली. अजूनही कुठल्या नव्या घरात एखादं बटण दाबून काहीच झालं नाही, तर मला बसवत नाही. ते चालू ठेवतो, अंधार पडायची वाट बघतो आणि घराबाहेर पडतो.