सुमैयाचं डोमिसाईल

“ताई, हे एकच लाल का दिसतंय?” सुमैयानं विचारलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. सुमैया आणि तिची आई शमीम रोह्याहून सकाळच्या गाडीनं पेणला आल्या होत्या आणि मी शटर वर करेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून होत्या. एमबीबीएसच्या ऍडमिशनचं पोर्टल उघडलं. तिच्या सगळ्या कागदांपुढे हिरवी खूण होती. एकापुढे लाल अक्षरं. डोमिसाईलची पावती चालणार नाही, प्रमाणपत्र अपलोड करा. मुदत आज संध्याकाळी पाच.

मी पेणला ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवते. आधी टायपिंगचे क्लास घ्यायचे. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, खुर्च्या मात्र त्याच आहेत. अकरावीपासून पेन्शनीपर्यंत सगळे फॉर्म भरते. त्यात डॉक्टरकीचा फॉर्म सगळ्यात कडक.

लोकांना वाटतं, नीटच्या परीक्षेत चांगले मार्क पडले की झालं. तसं नसतं. राज्याच्या कोट्यातून सरकारी कॉलेज हवं असेल तर वेगळा फॉर्म भरावा लागतो. त्याला जोडलेला एकेक कागद तिकडे बसून तपासतात. ते झालं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन. त्यात एक कागद कमी पडला तर मेरिट लिस्टमध्ये नाव येत नाही. मग मार्क कितीही असोत.

डोमिसाईल म्हणजे तुम्ही भारताचे नागरिक आहात आणि या राज्यात राहता, असं तहसील ऑफिसनं दिलेलं प्रमाणपत्र. सुमैयाच्या घरच्यांनी रोह्याला अर्ज करून ठेवला होता. प्रमाणपत्र आलं नव्हतं म्हणून मी तात्पुरती पावती लावली होती. आलं की बदलू, असं मी म्हणाले होते. नंतर त्याकडे पाहिलंच नाही.

खरं सांगायचं तर मी तिच्या मार्कांनी हुरळले होते. पहिल्या वर्षी तिला कमी पडले होते. मग तिनं ड्रॉप घेतला, म्हणजे वर्षभर कुठेही ऍडमिशन न घेता पुन्हा तयारी केली. पेणला खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहिली, क्लास केला. दुसऱ्या वेळचा निकाल माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिला तेव्हा मी पान दोनदा रिफ्रेश केलं होतं. माझ्या सेंटरमधून इतक्या मार्कांचा फॉर्म कधी गेला नव्हता.

मी डोमिसाईलच्या अर्जाचा नंबर टाकून स्टेटस काढलं. ‘त्रुटी’ असा शेरा होता. अर्ज नाकारलेला नव्हता, आणखी एक कागद मागून थांबवला होता. तोही बारा दिवसांपूर्वी.

“तुम्हाला मेसेज आला नाही?”

“कोनच्या नंबरवर?” शमीमनं विचारलं.

मी नंबर वाचून दाखवला.

“ह्यो सुमैयाच्या अब्बांचा इकडचा नंबर. त्ये मस्कतला. हितलं सिम कपाटात पडलंय.”

शेऱ्याखाली लिहिलं होतं: अर्जदाराचा जन्म परदेशात झाल्याचे दिसते. जन्माची नोंद भारतीय वकिलातीत केल्याचा पुरावा जोडावा.

“तुझा जन्म परदेशातला?” मी सुमैयाकडे पाहिलं.

“मस्कतचा. मी तीन वर्षांची असताना अम्मी मला घेऊन परत आली. शाळेच्या दाखल्यावर आहे ना, ताई.”

दाखल्यावर होतं. जन्मस्थळ, मस्कत. तो दाखला मीच स्कॅन केला होता. नाव आणि जन्मतारीख जुळवली आणि पुढे गेले. इतक्या वर्षांच्या कामात इतकी साधी चूक. मी दोघींना तसं सांगूनही टाकलं. सुमैया म्हणाली, “आता काय लागेल ते सांगा.”

“पासपोर्ट?”

“व्हता,” शमीम म्हणाली. “कुंडलिका नदीचं पानी घरात आलं त्या साली खालच्या कपाटातलं सगळं गेलं. माळ्यावरच्या डब्यात व्हतं तेवढं वाचलं. त्येच मी मग प्लास्टिकमदी घालून आनलं. परत भिजाया नको.”

तिनं पिशवीतून कागद काढला. जाड लॅमिनेशन केलेला जन्मदाखला. वर सगळी अरबी अक्षरं, खाली निळा शिक्का. तिथल्या हॉस्पिटलच्या नोंदीवरून तिथल्या सरकारनं दिलेला. आपल्या वकिलातीचा त्यात काही संबंध नव्हता.

सुमैयानं वडिलांना फोन लावला. इक्बाल मस्कतला एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. ते नुकतेच शिफ्टला आले होते. सुमैयानं फोन स्पीकरवर टाकला आणि काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं.

“नोंद केली व्हती,” इक्बाल म्हणाले. “मी सोता गेलो व्हतो वकिलातीत. दोन कागद व्हते, शमीम. एक हितला, एक त्यांचा. दोनी तुज्याकडं दिले.”

“माझ्याकडं एकच हाय.”

“दोन दिले मी.”

“मग मी काय खाल्ला?”

मग इक्बाल म्हणाले की तिथे पुन्हा नक्कल मिळेल, पण अर्ज करून काही दिवस लागतील. आमच्याकडे साडेसात तासही नव्हते.

मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी तो अरबी दाखला तरी स्कॅन करायला घेतला. कुठलाही कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचा, ही माझी सवय. मागची बाजू कोरी असली तरीही. पुढची बाजू केली, उलटी ठेवली, बटण दाबलं.

कोऱ्या बाजूचा स्कॅन कोरा आला नाही.

फिकट करड्या रेषा दिसत होत्या. स्कॅनरचा दिवा प्रखर असतो. पातळ कागदाच्या पलीकडचं तो थोडंफार दाखवतो. मला वाटलं, अरबी अक्षरंच उमटली असतील. पण अक्षरं अरबीसारखी जोडलेली नव्हती, सुटी सुटी होती आणि मधे एक गोल शिक्का होता, जो पुढच्या बाजूला नव्हताच. मी चित्र आरशासारखं उलटवलं आणि काळेपणा वाढवला. इंग्रजी अक्षरं वाचता यायला लागली. सगळ्यात वर आपली राजमुद्रा, तीन सिंह.

“सुमैया, इकडे ये.”

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिनं स्वतःचं नाव वाचलं. मग वडिलांचं. मग ‘रजिस्ट्रेशन ऑफ बर्थ’. तिचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता.

लॅमिनेशनवाल्यानं दोन्ही कागद एकाच प्लास्टिकमध्ये घातले होते. वकिलातीच्या कागदाची छापील बाजू आत गेली आणि कोरी पाठ बाहेर राहिली. शमीमला वाटत राहिलं की एकच कागद आहे. फोन अजून चालू होता. इक्बाल म्हणाले, “दोन व्हते की नाय?” शमीमनं फोन बंद केला.

आता प्रश्न होता कापायचा. लॅमिनेशनचा गोंद प्लास्टिकला असतो, म्हणजे कागदाची बाहेरची बाजू चिकटते. दोन कागदांची आतली तोंडं एकमेकांना चिकटायला नकोत. कडा कापल्या तर पाकिटासारखं उघडायला हवं. उघडायला हवं, एवढंच मी सांगू शकत होते. उष्णतेनं आतली शाई दुसऱ्या कागदाला लागली असेल तर दोन्ही कागद जाणार होते.

“नको गो,” शमीम म्हणाली. “पान्यातनं वाचलेला एकच कागद हाय माझ्या पोरीचा.”

“अम्मी, बंद राहिला तर त्याचा काय उपयोग?”

“तुजे अब्बा मिळवतील की दुसरा.”

“आज पाचच्या आत नाही ना मिळणार.”

शमीमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझी मुलगी असती तर मी कापला असता.” ती खुर्चीत बसली आणि तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाली, “कापा.”

मी कटर काढला. सुमैयानं हात पुढे केला. “मी कापते.” मी स्टीलची पट्टी दाबून धरली आणि तिनं एकेक कड उतरवली. तीन कडा झाल्या. तिनं नखानं कोपरा उचलला. कागद अडला. तिनं थांबून दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली. किर्र असा आवाज आला आणि ते पुस्तकासारखं उघडलं.

आतला कागद नवाकोरा वाटत होता. शाई काळी, शिक्का जांभळा, सही स्पष्ट. इतकी वर्षं त्याला हवाही लागली नव्हती. शमीमनं वाकून पाहिलं आणि दुपट्टा तोंडाला लावला. मला स्वतःला उठून दुकानभर एक चक्कर मारावीशी वाटली. मी मारली नाही. स्कॅन केला, त्रुटीच्या पानावर अपलोड केला आणि शटर खाली ओढलं. स्कॅन इथून जातो, पण ऑफिसात मूळ कागद दाखवावा लागतो. रोह्याला जाणं भाग होतं.

माझ्या गाडीतून निघालो. मांडीवर लॅपटॉप घेऊन सुमैया पुढे, शमीम मागे दोन्ही हातांनी फाईल धरून. वडखळला ट्रक अडकले होते. पंचवीस मिनिटं तिथेच गेली. गडब ओलांडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि मी आयुष्यात चालवली नव्हती इतक्या जोरात गाडी चालवली. शमीम मागून एकदाच म्हणाली, “ताई, पोचायचं पन हाय.”

सव्वाबाराला आम्ही रोह्याला तहसील ऑफिसात होतो. टेबलावरच्या क्लार्कना मी अर्जाचा नंबर दिला. त्यांनी स्क्रीन पाहिली, मग कागद पाहिला.

“भाऊसाहेब, आज पाचपर्यंत पोर्टलला लावायचंय,” मी म्हणाले. “मेडिकलची ऍडमिशन आहे.”

“मेसेज बारा दिवसांपूर्वी गेलाय, मॅडम.”

“बंद नंबरवर गेला. चूक आमची आहे.”

चूक कबूल केली की ऑफिसातली माणसं बहुतेक वेळा मदत करतात, हा माझा अनुभव. त्यांनी रेशनकार्ड मागितलं, शाळेच्या नोंदी पाहिल्या, वडिलांचं नाव तिन्ही ठिकाणी अक्षर न अक्षर जुळवलं. मग फाईल पुढे पाठवली. सही साहेबांची. ते बाहेर पाहणीला गेले होते, तीनपर्यंत येणार होते.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. कोणाला भूक नव्हती. सुमैयानं कॉलेजांची यादी काढली आणि कुठल्या शहरात हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच आहे ते मला सांगायला लागली. सगळं तिला पाठ होतं. शमीम ऐकत होती आणि मधेच विचारत होती, “तितं मासळी मिळंल का?”

तीन वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. त्यांनी सुमैयालाच आत बोलावलं, मागोमाग आम्हीही गेलो.

“हा कागद कोणी कापलाय?”

“मी, सर.”

“का?”

“दुसरा कागद आत होता.”

त्यांनी प्लास्टिकची कापलेली कड बोटानं चाचपली. स्कॅनशी शिक्का ताडून पाहिला.

“मार्क किती?”

तिनं सांगितले. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे वळले. हल्ली सही पेनानं होत नाही, डिजिटल होते. दोन क्लिक आणि एक पिन.

पावणेचारला प्रमाणपत्र डाउनलोड झालं. ऑफिसच्या आवारात गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला आणि सुमैयाच्या मोबाईलचं नेट जोडलं. पहिल्यांदा पोर्टलनं फाईल परत केली, साइज जास्त म्हणून. लहान केली. दुसऱ्यांदा गोल फिरत राहिलं आणि नेट गेलं. शमीमनं स्वतःचा मोबाईल पुढे केला. “माजा लावा. माज्याला चांगला टावर हाय.” तिचं नेट जोडलं. चार वाजून बावीस मिनिटांनी ‘सबमिटेड’ आलं. सुमैयानं त्याचा स्क्रीनशॉट काढला. मी काढला. शमीमनं स्क्रीनचा फोटो काढून मस्कतला पाठवला.

दुसऱ्या दिवशी हिरवी खूण पडली. मेरिट लिस्टमध्ये नाव आलं. मग प्रेफरन्स फॉर्म भरायला त्या दोघी पुन्हा आल्या. हा फॉर्म म्हणजे कॉलेजांची क्रमवार यादी. वरून खाली जाताना तुमच्या मार्कांत बसणारं पहिलं कॉलेज तुम्हाला मिळतं. शमीमचं म्हणणं, मोठी कॉलेजं वर टाकली तर जवळचं हातचं जाईल. तसं होत नाही, हे मला अर्धा तास कागदावर आकृत्या काढून समजवावं लागलं. भीतीनं नाही, आवडीनं क्रम लावायचा. शेवटी ती म्हणाली, “तिला इचारा, तिला कुटं जायाचं.” सुमैयानं क्रम घरूनच लिहून आणला होता.

पहिल्याच राउंडला सरकारी कॉलेज लागलं. तिच्या यादीतलं तिसरं. मी दुकानात दहा माणसं उभी असताना तिचा फोन घेतला आणि सगळ्यांना सांगितलं. त्यातली नऊ तिला ओळखतही नव्हती. तरी सगळी खूश झाली.

आता सुमैया दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या भिंतीवर एक पाटी आहे: मूळ कागद लॅमिनेट करू नयेत. ती कोणी वाचत नाही. मी मात्र एक गोष्ट बदलली. डॉक्टर व्हायचंय म्हणून मूल आलं की मार्क सगळ्यात शेवटी विचारते. आधी चालू असलेला मोबाईल नंबर घेते आणि त्यावर तिथल्या तिथे रिंग देऊन बघते.