लहानू गजभियेची ठवणी

संविधानाचं विसावं कलम लहानू गजभियेला तोंडपाठ होतं, आणि ते ऐकून घ्यायची गोहलपुरात आता कोणाची तयारी उरली नव्हती. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा खटल्यात ओढून शिक्षा करता येत नाही, हे त्यानं दूधवाल्याला, न्हाव्याला आणि बायकोच्या माहेरच्या झाडून सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

कारण पाळी त्याच्यावरच आली होती. तो केंद्र सरकारच्या कारखान्यात सुतार. जयंतीला विहारात संविधानाचा ग्रंथ उघडा ठेवता यावा म्हणून त्यानं एक ठवणी केली. फळी कारखान्यातल्या मोडक्या पेटीची. फोरमन रामरावांनी ‘ने रे’ म्हटलं, फाटकाबाहेर न्यायची चिठ्ठी मात्र दिली नाही. लहानूनं फळी रंधा मारून आरशासारखी केली आणि कारखान्याचा शिक्का तेवढा राखला, कारण तो त्याला शोभून दिसला. तो कोणाच्या तरी डोळ्यांत भरला. राज्याच्या पोलिसांनी चोरीचा खटला भरला, ठवणी जप्त झाली. कोर्टात रामरावांनी खरं ते सांगितलं, लहानू सुटला, ठवणीही परत मिळाली.

पुढे रामराव वारले, आणि मग कारखान्याचं पत्र आलं. त्याच फळीबद्दल खात्याची चौकशी. चोरी शाबीत झाली तर नोकरी जाणार, तीही पेन्शनला तीन वर्षं उरलेली असताना. वकिलानं सांगितलं, कोर्ट गुन्हा बघतं, खातं शिस्त बघतं. चौकशी म्हणजे खटला नव्हे, तिथं विसावं कलम लागत नाही. लहानूला पटेना. फळी एक, लहानू एक, मग सरकारं दोन काहून?

“कलम वाचून राहिले ते ठीक,” त्याची बायको भागीरथा म्हणाली, “पण साहेबापुढे बोट वर करून बोलू नका. नवरे दोन मिळतील मले, नोकरी दुसरी नाही मिळत.”

चौकशीला पुरावा म्हणून ठवणी आणायचा हुकूम होता. फाटकावरचा शिपाई म्हणाला, “जाओ भैया, अंदर जाओ.” लहानू जागचा हलला नाही. मागच्या वेळी चिठ्ठी नव्हती म्हणूनच हे सगळं झालं होतं. आत नेलेली वस्तू नोंदवायचा नियम आहे ना, मग नोंदवा. मागे रांग कुरकुरायला लागली, तेव्हा शिपायानं वैतागून वहीत लिहिलं: लाकडी स्टँड, एक, खाजगी. तेच चिठ्ठीवर उतरवून, शिक्का मारून हातात दिलं.

चौकशी अधिकाऱ्यानं ठवणी उलटी केली, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणाची? विसावं कलम लहानूच्या ओठांवर आलं होतं. भागीरथेचं आठवून त्यानं ते गिळलं. या वेळी तरी आपण नियमानं वागलो एवढं दिसावं म्हणून त्यानं चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी ती दोनदा वाचली. कारखान्याच्याच फाटकानं ठवणी खाजगी ठरवली होती. साहेबांनी चिठ्ठी फायलीत लावून घेतली.

आठ दिवसांनी निकाल आला. चोरी शाबीत नाही. चिठ्ठीशिवाय फळी नेल्याबद्दल लेखी ताकीद.

नोकरी वाचली. लहानू मात्र धुमसत होता. ताकीद म्हणजे शिक्षाच की! कोर्टानं सोडलेल्या माणसाला शिक्षा! त्यानं अपिलाचा कागद काढला.

“करा ना अपील,” ठवणी उचलून विहाराकडे निघालेली भागीरथा म्हणाली. “पण पुरावा आता तिथून हलणार नाही.”