यशयाला दिलेलं उत्तर

रविवारी उपासनेहून आलं की आमच्याकडे मटण असतं, आणि मटणानंतर मला झोप आवरत नाही. सत्तरीला टेकलेला निवृत्त मास्तर मी. आत शालिनी, माझी बायको, भांडी आवरते आहे. मी पुढच्या खोलीत दिवाणावर आडवा झालोय. पाच वाजता माणसं येणार, म्हणून पवित्र शास्त्र छातीवर उघडं धरून पाठ जुळवतोय. भांड्यांचा आवाज लांब जातो, पुन्हा जवळ येतो. एकाच ओळीवरून नजर तीनदा फिरते. चौथ्यांदा ती ओळ तिथे नसते.

ही माणसं म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले पुरुष. बावीस वर्षं झाली, दर रविवारी मी त्यांना घेऊन बसतो. आम्ही शास्त्र वाचतो, मग मी एकेकाला विचारतो, "आत्म्याचं कसं चाललंय?" कुणी दारू सोडलेला असतो, कुणी ती सुटत नाही म्हणून रडतो, कुणी सख्ख्या भावाशी सहा सहा वर्षं बोललेला नसतो. लोक म्हणतात, उजागरे सरांनी माणसं उभी केली. पाळकसाहेबही एकदा पुलपिटावरून उपदेश करताना तसं म्हणाले होते. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना ती नम्रता वाटली.

मी चर्चमध्ये आहे. ऊन बाकांवर पडलंय आणि एकही माणूस नाही. तिसऱ्या बाकाखालून दोन पाय बाहेर आलेत. खाकी पँट, टाचा झिजलेले काळे बूट.

"सर, चौदाचा पाना द्या ना," बाकाखालून आवाज येतो.

यशया मकासरे. हा आवाज मी कुठेही ओळखेन. एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी, बसखाली काम करता करता त्याचं हृदय बंद पडलं. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याला माती दिली तेव्हा प्रार्थना मीच केली होती.

हे सगळं मला स्वप्नातही ठाऊक आहे. तरी मी पाना शोधायला लागतो.

"काय झालंय?"

"स्प्रिंगचा पाटा तुटलाय."

"बाकाला कुठला आलाय पाटा?"

मी वर बघतो. बाक नाही. डोक्यावर बसचं पोट आहे, काळं, गरम, थेंब थेंब तेल गळणारं. बस वर उभी करून ज्या खड्ड्यात मेकॅनिक उतरतात, त्या खड्ड्याच्या काठावर मी उभा आहे. यशया आत उभा राहून फडक्याला हात पुसतोय.

"सलाम, सर. या ना खाली."

"कपडे खराब होतील रे."

बोललो आणि मीच ओशाळलो. मेलेला माणूस बोलावतोय आणि मला कपड्यांचं पडलंय. यशया मात्र हसतो.

"उपासनेचे आहेत ना. सावकाश या. चौथी पायरी सैल आहे."

मी उतरतो. खड्ड्याच्या भिंतीला माझ्याच घरचं पुस्तकांचं कपाट आहे. पुस्तकांच्या जागी पाने, नट, चिंध्या, आणि मधोमध त्याचं शास्त्र, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेलं. सातवीत शाळा सुटलेला हा माणूस माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा नबुखद्नेस्सर या नावाशी येऊन थांबायचा. कपाळाचा घाम पुसायचा. मी ओळीवर बोट ठेवून नुसतं म्हणायचो, "पुढे." तीन वर्षांनी तो चर्चमध्ये शास्त्रवाचन करायला लागला. तो वाचायचा तेव्हा खोकणारे खोकायचे थांबत. त्याची बायको सुलभा पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत त्याच्याबरोबर वाचायची. अडला तर सांगता यावं म्हणून. पुढे तो अडायचा नाही, पण तिने सवय मोडली नाही.

मग सुलभा आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली.

"सुलभा भेटली का?" मी विचारतो.

"भेटली की. अजून चुका काढते माझ्या."

तो खुर्चीवर बसतो. ती माझ्या पुढच्या खोलीतली, दाराजवळची खुर्ची आहे. खड्डा नाही. चहाचे रिकामे कप आहेत, बाकीचे पुरुष नुकतेच उठून गेलेत, संध्याकाळ व्हायची आहे. ही संध्याकाळ मला माहीत आहे. मला इथून उठायचंय, पण पाय हलत नाहीत.

"सर," यशया म्हणतो, अगदी तेव्हासारखाच, गुडघ्यांकडे बघत. "सुलभा गेल्यापासून प्रार्थना होत नाही. डोळे मिटतो, तोंड उघडतो, अन् भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पलीकडे कुणी आहे असं वाटतच नाही. तुम्हाला कधी झालंय का असं?"

तेव्हा हे ऐकून माझ्या अंगाला घाम फुटला होता. कारण ते माझंच होतं. शब्दसुद्धा माझेच होते, फक्त मी ते कधी उच्चारले नव्हते. त्याला निदान कारण होतं, त्याची बायको गेली होती. माझी बायको धडधाकट, मुलं मार्गाला लागलेली, पेन्शन चालू. काहीही घडलं नव्हतं. एका सकाळी गुडघे टेकले आणि तोंडातून निघालेले शब्द खोलीतच पडून राहिले. दुसऱ्या सकाळीही तेच. वर्षभर रेटलं, मग मी एकट्याने गुडघे टेकणं सोडलं. चारचौघांत मात्र माझी प्रार्थना आणखी रंगायला लागली.

"नाही," मी म्हणालो होतो. "मला असं कधीच झालेलं नाही."

आणि त्याला चाळीस दिवसांत वाचायच्या चाळीस अध्यायांची यादी लिहून दिली होती. सुवाच्य अक्षरात.

आता तोच कागद त्याच्या हातात आहे. तो घडी उलगडतो, बघतो, पुन्हा घडी घालतो.

"सगळे वाचले, सर. बत्तीसाव्यापर्यंत तर रोज एक."

खोलीत लांब टेबल आलंय. टेबलाभोवती मंडळीचे पंच बसलेत, त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त टेबलावर ठेवलेले हात दिसतात. माझा आवाज येतो. मी बोलत नाही, पण तो माझाच आहे. "बंधूंनो, प्रार्थनेसाठी एक विनंती. यशयाचा विश्वास डळमळलाय. त्याने स्वतः मला सांगितलं."

दुसऱ्याच दिवशी मी हे केलं होतं. कुणी विचारलं नव्हतं. तो तसा झालाय असं मोठ्याने सांगितलं की मी तसा नाही असं आपोआप ठरत होतं. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही. पंचांनी ठरवलं की थोडे दिवस शास्त्रवाचन दुसऱ्याला द्यावं. ते त्याला सांगायला मलाच पाठवलं. "जरा विश्रांती घे," असं मी त्याला डेपोच्या फाटकाशी म्हणालो. तो "बरं, सर" म्हणाला आणि मला चहा पाजला.

दोन रविवार तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. नंतर यायचा थांबला. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतोय."

"तुम्ही पंचांना का सांगितलंत ते मला कळलं होतं," यशया म्हणतो.

"काय कळलं होतं?"

"तुमचं 'नाही' फार लवकर आलं, सर. माझं वाक्य संपायच्या आत. मी आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. गाडी फाटकातून आत आली की सांगायचो, कुठे काय झिजलंय ते."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही सर होता ना."

टेबल गेलंय. आम्ही चर्चच्या शेवटच्या बाकावर शेजारी शेजारी बसलोय. आयुष्यात मी या बाकावर कधी बसलो नव्हतो. इथून पुलपिट किती लांब दिसतं.

"ते दोन रविवार मी वाचन परत मिळावं म्हणून नव्हतो आलो," तो सांगतो. "म्हटलं, आज सर मागे येतील. शेजारी बसतील. म्हणतील, यशया, माझंही तसंच चाललंय बाबा. बस्स. मग आपण दोघं बसलो असतो की. गप्प का होईना."

मी बाकाची कड घट्ट धरतो.

"मग वाटलं, माझाच कान चुकला असेल. सर खोटं कशाला बोलतील? म्हणजे एवढ्या मंडळीत मी एकटाच असा निघालो."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो पाट्याबद्दल बोलावं तसं बोलतोय. काय तुटलं, कुठून तुटलं.

"माती दिली तेव्हा प्रार्थना मात्र फार सुंदर केलीत," तो म्हणतो. "सगळे रडत होते."

"ऐकलीस तू?"

"ऐकली. आवाज तसाच येत होता."

माझे कान तापतात. त्या दिवशी लोकांनी माझे हात धरून सांगितलं होतं, सर, तुमच्या शब्दांनी आधार मिळाला. आणि मला बरं वाटलं होतं. उघड्या कबरीपाशी मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलेलं नाही.

"यशया, मला माफ कर."

"ते होईल, सर. पण मी मेलोय. मला सांगून तुमचं काय जाणार?" मग त्याच्या नेहमीच्या मऊपणाने म्हणतो, "तरी सांगा. तोंडाला सवय होईल."

वरून काहीतरी खाली येतंय. चर्चचं छत नाही, पुन्हा बसचं पोट. "वाका, डोक्याला लागेल," तो म्हणतो. मी वाकतो. ते आणखी खाली येतं. मी आणखी वाकतो, आणि माझे गुडघे जमिनीला लागतात. जमीन खरखरीत आहे, टोचते. यशयाचे बूट माझ्यासमोर आहेत.

"मला..." मी म्हणतो. पुढचा शब्द येत नाही. ज्या तोंडाने बावीस वर्षं अखंड प्रार्थना केल्या, ते पहिलीतल्या पोरासारखं अडतं. कपाळावर घाम येतो.

"पुढे," यशया म्हणतो.

"मला... अकरा वर्षं झाली. प्रार्थना होत नाही. तू विचारलंस तेव्हाही होत नव्हती. मी खोटं बोललो. मला भीती वाटली की मी असा आहे हे कळलं, तर माझ्याकडे कोण येईल? आणि तुझं नाव पुढे केलं."

तेल गळायचं थांबलंय. मी डोकं वर करून त्याच्याकडे बघतो. पहिल्यांदाच नीट बघतो. थकलेला दिसत नाही तो.

"यशया, खरं सांग. पलीकडे कुणी आहे का रे?"

तो तोंड उघडतो.

"अहो," शालिनीचा आवाज येतो, "बर्णबा आलाय!"

मी जागा होतो. मी दिवाणावर नाही. मी जमिनीवर आहे, कोपरं दिवाणाच्या कडेला टेकलेली, तोंड उशीत, आणि दोन्ही गुडघे दिवाणाजवळच्या काथ्याच्या पायपुसण्यावर. केव्हा उतरलो, किती वेळ असा होतो, कळत नाही. उशी ओली आहे. घड्याळात पाचला दहा कमी आहेत.

दारात बर्णबा लोंढे चपला काढतोय. टेलर आहे, तिशीतला, तीन वर्षांपासून येतो. सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतो. त्याने बघायच्या आत मी घाईघाईने उठायला जातो. इतकी वर्षं लोकांना दिसावं म्हणून गुडघे टेकले, आणि आज दिसू नये म्हणून धडपडतोय. पाय आखडलेत. उठता येत नाही.

"माफ करा, सर," तो दबक्या आवाजात म्हणतो. "प्रार्थना चालली होती तुमची. मी बाहेर थांबतो."

नुसतं "हं" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. काहीच न बोलता डोळे मिटले असते तरी पुरलं असतं. त्याने बाहेर जाऊन इतरांना सांगितलं असतं, हळू बोला, सर प्रार्थनेत आहेत.

मी दिवाणाच्या कडेला धरून कसाबसा वर बसतो. गुडघे जळताहेत. लेंगा झोपेत गुडघ्यांच्या वर सरकलाय. दोन्ही गुडघ्यांवर काथ्याची वीण जशीच्या तशी उमटलीय, लालभडक, आडव्या-उभ्या वळांची. डाव्या गुडघ्यात काथ्याचा एक तंतू रुतून राहिलाय आणि त्याच्या बुडाशी रक्ताचा टिपूस आलाय.

बर्णबा बघत राहतो.

"लागलं की हो, सर."

"प्रार्थना नव्हती," मी म्हणतो. माझा आवाज घोगरा आहे, मलाच ओळखू येत नाही. "आत ये. बस."

शालिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली आहे. अठ्ठेचाळीस वर्षं ही बाई माझ्या शेजारी झोपते आहे, आणि तिलाही माहीत नाही.

"तूही बस," मी तिला म्हणतो.

दोघं बसतात. एकमेकांकडे बघतात, मग माझ्याकडे. बाहेर आणखी कुणाची तरी सायकल थांबते, स्टँड पडल्याचा आवाज येतो. गुडघ्यांवरचे वळ कडेने फिके व्हायला लागलेत. ते पुरते मावळायच्या आत सांगायला हवं, एवढंच मला कळतं, आणि मी तोंड उघडतो.